मामेसासरे आणि जगातले सगळे रोग

जगाच्या पाठीवर कुठेही साथ आली, की तिची धास्ती सगळ्यात आधी आमच्या मामेसासऱ्यांना बसते. आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात कुणाला ताप भरला, की राहुरीजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत हे साबण लावून हात धुवायला लागतात. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला, त्याचा हा परिणाम असावा. निवृत्त झाल्यावर इतर मास्तर गुडघ्यांची काळजी करतात. यांनी एकदम पृथ्वीचीच करायला घेतली. मला एकदा भिंतीवरच्या नकाशापुढे उभं करून म्हणाले, "जावईबापू, रोग विमानात बसला की सकाळी मुंबईत. तिथून राहुरीला यायला कितीसा वेळ लागतो?" मी म्हणालो, "एसटीनं निघाला तर बराच लागेल, मामा." ते हसले नाहीत. त्या दिवसापासून माझी गणना बेजबाबदार नागरिकांत झाली.

रविवारी उपासना संपली, की चर्चच्या दारात सगळे एकमेकांशी हात मिळवून 'सलाम' म्हणतात. मामा मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे बाजूला उभे राहतात आणि लांबूनच मान हलवतात. नवे पाळकसाहेब आले तेव्हा त्यांना वाटलं, मंडळीत आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय. बिचारे महिनाभर नीट जेवले नाहीत म्हणे. माझ्या मोटारसायकलवर मामा बसतात तेही आमच्या दोघांमध्ये तिसरा माणूस मावेल इतकं अंतर ठेवून, म्हणजे अर्धे सीटवर आणि अर्धे देवाच्या भरवशावर. गुरांमध्ये लम्पी आला त्या वर्षी मी त्यांना घोडेगावच्या बाजारात घेऊन जायची चूक केली. मामा प्रत्येक गाईची कातडी निरखत, गाठी शोधत, मालकांना उपदेश करत चालले होते. शेवटी एक व्यापारी वैतागला. "मास्तर, गाय घ्यायची हाय का नुसती तपासायची हाय?" मामा शांतपणे म्हणाले, "तपासायची. घेऊन ठेवू कुठं?"

मामी गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. कुणाकडे जेवत नाहीत, कुणाच्या कपाला तोंड लावत नाहीत. बोलावणारेही हळूहळू थांबले. शेजारी शांतवनकाका राहतात, मामांच्या बरोबरीचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आणि उपासनेत ढोलकी वाजवणारे. त्यांना टीबी झाला, आणि दुनियेतल्या रोगांशी लांबून लढणाऱ्या मामांच्या भिंतीला भिंत लावून रोग येऊन बसला. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या होत्या. आरोग्य केंद्राच्या गोळ्या घरोघरी पोचवणाऱ्या आशाताईंनी विचारलं, त्या रोज घेतल्या जातात की नाही ते बघणार कोण? मामांनी ते काम लगेच अंगावर घेतलं. रोज सकाळी काकांच्या फाटकाबाहेर उभे राहून ते हाक मारत, "शांतवन, घेतली का? तोंड उघड, दाखव!" काका ओट्यावरून जीभ दाखवत. शाळेत पोरांनाही मामांनी इतकं छळलं नसेल.

मग लेंट आला. गुड फ्रायडेच्या आधीच्या या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक जण देवासाठी काहीतरी सोडतो, कुणी मटण, कुणी तंबाखू, कुणी टीव्हीवरची मालिका. एका सकाळी आशाताई धावत मामांकडे आल्या. काकांच्या गोळ्यांची पाकिटं उशीखाली जशीच्या तशी सापडली होती. मी तेव्हा समोरच माझ्या अंगणात गाडी पुसत होतो, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"शांतवन, गोळ्या बंद केल्यास? रोज जीभ दाखवत होतास ती कसली?"

"लेंट हाय ना! मटान, अंडी तर डॉक्टरनीच खायला सांगितलीत. चहा काय सुटत न्हाई. मग म्हनलं, गोळ्याच सोडू. ईस्टरपासून परत चालू करतो की."

मामा एकदम ओरडले, "अरे, अर्धवट सोडलेला टीबी परत उठला की या गोळ्यांना दाद देत नाही! मरशील लेका!"

"मेलो तर तुला काय?" काकाही चिडले. "इतकी वर्सं शेजारी हाईस. माझ्या घरचा घोटभर चा घेतलास कधी? आता तर फाटकाच्या आतबी येत न्हाईस. तुझ्या लेखी मीच रोग हाय वाटतं!"

टीबी कपातून पसरत नाही, हे आम्हाला मामांनीच शिकवलं होतं. तरी त्यांनी फाटकाकडे दोनदा हात नेला आणि दोनदा मागे घेतला. मग त्यांनी कोपरानं फाटक ढकललं, ओट्यावर जाऊन बसले आणि आत काकूंना म्हणाले, "वहिनी, माझ्यात साखर कमी." चहा त्यांनी एरंडेल प्यावं तसा डोळे मिटून प्यायला. रिकामा कप काकांपुढे ठेवला. "आता तू घे." काकांनी मुकाट्यानं गोळ्या गिळल्या.

ईस्टर झाला, पावसाळा आला, तरी रोज सकाळी हाच कार्यक्रम चालू राहिला. एक गोळ्या घेई, दुसरा चहा. पुढे पुढे त्यांची भांडणं माझ्या अंगणापर्यंत ऐकू यायला लागली, आणि एकदा तर मामा चक्क मोठ्यानं हसले.

काकांचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला. गोळ्या संपल्या. दुसऱ्या सकाळी नेहमीच्या वेळेला मामा इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी आले आणि तिथेच थबकले. आत जायला आता काही कारण उरलं नव्हतं.

"खोकला-बिकला?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

"न्हाई."

"ताप?"

"न्हाई रं."

"बरं. मग ठीक आहे." ते वळले. इतका केविलवाणा माणूस मी बरा झालेल्या रोग्याच्या दारात कधी पाहिला नव्हता.

"अरे, चाललास कुठं? चा टाकलाय तिनं."

"गोळ्या संपल्या ना आता."

"मग? गोळ्या मी खात हुतो, तू न्हाई."

मामा आत गेले. फाटक लावायचं राहिलं, ते मी जाऊन लावलं.