आपटेकाकांचा ठराव

"आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा! त्याशिवाय पुढचा विषय घेताच येणार नाही!" कौंटीच्या सभागृहात आपटेकाका इंग्रजीतून गरजले, तेव्हा भिंतीवरचं पेंढा भरलेलं हरणाचं डोकं दचकलं. मी या डोळ्यांनी पाहिलंय.

काका आधी कोथरूडला सोसायटीचे सेक्रेटरी, मग वीस वर्षं डेट्रॉईटजवळ नोव्हायला इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर काकूंना तळं आवडलं म्हणून दोघं मिशिगनच्या पार उत्तरेला, माझ्या शेजारी राहायला आले. इथे बर्फ असा पडतो की मी एकदा तासभर उकरून गाडी बाहेर काढली, ती काकांची निघाली. त्यांनी आभार मानले आणि मी पुन्हा माझी शोधायला लागलो.

हिवाळ्यात कुठला रस्ता आधी साफ करायचा, याची यादी कौंटी बोर्ड, म्हणजे इथली जिल्हा परिषद, ठरवतं. कौंटी चालते लाकडावर, म्हणून लाकडाच्या ट्रकांचे रस्ते वर आणि आमचा तळाशी. आमच्याकडे बर्फ हटवणारा स्नो-प्लाऊ उगवायचा दुपारी तीनला. काकूंचं डायलिसिस मात्र आठवड्यातून तीनदा, सकाळी आठला, चाळीस मैलांवर.

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळायची. काकांना तेवढी घसा खाकरायलाच लागत. "लाकूड थांबतं हो, डेलसाहेब," ते अध्यक्षांना सांगायचे, "माणूस थांबत नाही!" मग माझ्याकडे वळायचे, "ऊठ रे, अनुमोदन दे." मी उठायचो. इथे अनुमोदक लागत नाही, असं डेलने शंभरदा सांगितलं. "अनुमोदक नसला तर तो ठराव नव्हे, तक्रार झाली! आणि कारण नोंदवल्याशिवाय ठराव लिहायचा नाही!"

तिसऱ्या हिवाळ्यात बोर्ड थकलं आणि आमचा रस्ता यादीत पहिला आला. 'सर्वानुमते' हा शब्द लिहून होईपर्यंत काका खाली बसले नाहीत. पहाटे सहाला प्लाऊ हजर. काकूंनी ड्रायव्हरला चकल्यांचा डबा दिला. त्यानंतर तो बर्फ नसलेल्या दिवशीही चक्कर टाकून जायचा.

या जानेवारीत काकू गेल्या.

फेब्रुवारीच्या सभेला काका तोच तपकिरी कोट घालून आले. इतिवृत्त वाचून झालं. मग काकांनी उठून कागद उघडला. "आमचा रस्ता यादीत खाली घ्यावा. त्या जागी शाळेच्या बसचा रस्ता घ्यावा." तीन मिनिटांतली अडीच शिल्लक होती. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. "अनुमोदन."

डेलला सगळं ठाऊक होतं. पण नियम काकांचाच.

"मिस्टर आपटे," तो चाचरत म्हणाला, "कारण काय लिहू?"

काकांनी कागदाची घडी घातली.

"लिहा, गरज उरलेली नाही."