टाकीतला बागुलबुवा

काळजी आणि भीती एकाच आवाजात बोलू लागल्या, तर त्यांतली कोणती हे मुलाने ओळखायचे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही. तो मला पडला, तो आमच्या वसाहतीच्या जमिनीखालच्या टाक्या धुणाऱ्या एका माणसामुळे.

मागच्या अंगणातल्या टाकीचे झाकण गंजून मोडले होते. वर नुसती फळी असे. मुले ती सरकवून आत वाकत. अखेर तळमजल्यावरच्या वहिनींनी टाकीवाल्याला गळ घातली, "भाऊ, आत उतरताच आहात, तर जरा गुरगुरा की! आमचं ऐकतंय कोण?"

"वहिनी, मला माझं मांजरसुद्धा भीत नाही."

तरी तो गुरगुरला. ओल्या भिंतींनी तो आवाज असा काही फुगवला की अंगण क्षणात ओस पडले. टाकीत बागुलबुवा राहायला आला. मुले बुडू नयेत एवढाच टाकीवाल्याचा हेतू. पण या कामगिरीचे त्याला अप्रूपही वाटे.

एका सुट्टीच्या सकाळी रिकाम्या टाकीत उतरताना शिडी सरकली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. दुपारी नळ आला की टाकी भरणार, हे त्याला ठाऊक होते. तो ओरडत राहिला. घराघरांत पोहोचला तो नुसता घुमणारा आवाज. "भाऊ आज रंगात आलेत!" वहिनी हसून म्हणाल्या. चेंडू आणायला टाकीजवळ गेलेल्या त्यांच्या धाकटीला मात्र शब्द ऐकू आले, आणि तिने घरी धूम ठोकली.

दुपारी तिने न सांगता ताटातले सगळे संपवले.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

"आई, बागुलबुवाला आई असते?"

"असेल की. का गं?"

"तो सारखा 'आई गं, आई गं' करतोय."

वहिनी खरकट्या हातानेच धावल्या. पाणी टाकीवाल्याच्या छातीपर्यंत चढले होते.

पुढे मायलेकी इस्पितळात गेल्या. "बागुलबुवा म्हणजे मीच गं, बाळा," तो अगदी हळू म्हणाला. "बघ, कसला लंगडा बुवा! आता भ्यायचं नाही."

मुलीने आईचा हात घट्ट धरला. "तुम्हाला तर बाहेर काढलं," ती म्हणाली. "मग त्याला कोणी काढलं?"

त्यानंतर टाकीवाल्याला कोणत्याही टाकीत उतरता आले नाही. मुलगी मात्र, आईची नजर चुकली की, टाकीपाशी जाऊन फळीला कान लावी.

टाकीला कुलपाचे लोखंडी झाकण बसले ते चार वर्षांनी, १९९८ साली.