बांधावरची करडई

आमच्या मल्लम्माकाकूला जगात एकच बाई सलते, तिची चुलत जाऊ बसम्मा. उदगीरजवळ दोघींची शेतं बांधाला बांध. बसम्माचं सूर्यफूल, काकूची करडई. कृषी सहायक शिवकुमार एकदा म्हणाला, "काकू, दोन्ही एकाच कुळातली हायत. लांबचं नातं." काकू फणकारली, "कूळ एक असून काय? तिचं सूर्यफूल उभ्या गावाला तोंड दाखवतं, अन् माझी करडई काट्यात तोंड लपवून बसती."

पण खरं दुखणं येळवशीचं. त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवतं, एकमेकांच्या कडब्याच्या कोपीवर जातं. काकूच्या आंबिलीला आमच्याकडं तोड नाही, हे मी घरचा म्हणून सांगत नाही. तिचं मडकं दुपारीच रिकामं व्हायचं. गेल्या साली मात्र तिच्याकडं निघालेले पाहुणे वाटेत सूर्यफुलात फोटो काढत रमले, बसम्माकडंच जेवले आणि काकूकडं घोटभर आंबील पिऊन निघून गेले. अर्धं मडकं उरलं. काकूला ते वर्षभर पचलं नाही.

म्हणून यंदा तिनं बांधावर करडईच्या चार दाट ओळी पेरल्या. पाहुण्यांनी बसम्माचं शेत सोडून मागच्या ओढ्याकडून सरळ आपल्याकडं यावं, हा डाव. येळवशीपर्यंत करडई कमरेला लागली, काटे धरले. ओढ्याला मात्र यंदा मांडीभर पाणी होतं. ते काकूच्या ध्यानातच आलं नाही. जळणाऱ्या माणसाला समोरचं तेवढं दिसतं, मागचं दिसत नाही.

दुपार झाली. पलीकडं हशा, इकडं भरलेलं मडकं आणि मी. "तिकडंच मरा सगळे," काकू म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात बांधापलीकडून बसम्माची हाक आली. "अक्का, वाट कुठून हाय? तुझी आंबील पिल्याबिगर माझी येळवस व्हत न्हाई."

काकू उठली. विळा घेतला आणि आपल्याच हातानं पेरलेली करडई कापत सुटली. हात ओरबाडले. फटीतून आधी बसम्मा आली, मागं तिचे सगळे पाहुणे. बघता बघता मडक्याचा तळ दिसला.

जाताना बसम्मा म्हणाली, "सूर्यफुलाचं दाणं पाखरं ठिवत न्हाईत, अक्का. पुढल्या साली मी बी करडईच पेरते."

काकूचा चेहरा पडला.

"न्हाई," ती म्हणाली. "तू सूर्यफूलच पेर. न्हाईतर मी जळू कुणावर?"