आत्याचा निळा वाफा

झरीचा दूधवाला एरवी आधी घंटी वाजवतो आणि मग आमच्या जिन्याला नावं ठेवत वर येतो. त्या दिवशी तो मुकाट्यानं वर आला, कॅन खाली ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आत्याबाई गेल्या… पहाटं." पौषातली थंडी होती. मी घरभर मफलर शोधत राहिलो. तो माझ्या गळ्यातच होता.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. यजमान येलदरी धरणावर नोकरीला, त्यामुळे तिची उमेदीची वर्षं तिथल्या क्वार्टरात गेली. शेजारी दक्षिणेकडच्या थंड डोंगरातल्या एक बाई राहायच्या. त्यांची बदली झाली तेव्हा सामान बांधता बांधता त्यांनी आत्याच्या हातावर थोडं बी ठेवलं. नावही सांगितलं होतं म्हणे, पण ते आत्याच्या जिभेवर बसेना. ती त्या झाडाला 'निळी' म्हणायची. यजमान गेल्यावर ती झरीला मुलाकडं, आमच्या बबनदादाकडं आली, ती पदराच्या गाठीत त्या सालचं बी बांधूनच.

निळी म्हणजे जेमतेम वीतभर रोपटं. काडीभोवती चांदणीसारखी पानं आणि शेंड्याला बारीक निळ्या फुलांचा झुपका. ऊन सोसत नाही, म्हणून वाफा कडुनिंबाच्या सावलीत, न्हाणीच्या भिंतीलगत. दिवाळी उलटून थंडी पडली की आत्या माती चाळून घ्यायची, त्यात जुनं शेणखत मिसळायची, बी फेकायची आणि वरून नावापुरती माती भुरभुरायची. माती सुकू द्यायची नाही आणि चिखलही होऊ द्यायचा नाही. शिमग्याच्या सुमारास बी धरायचं. पुढं उन्हाळ्यात झाड मरतंच. जुनं बी उगवत नाही, म्हणून धरलेलं सगळं बी ती पुढच्या हिवाळ्यात पेरून टाकायची. "एका वाफ्याच्या जिवावर हाय रे ही," ती म्हणायची. "एक साल हुकलं की संपली. माझ्यामागं चार घरी तरी फुलू दे."

आता यात अवघड काय होतं? अवघड होतो आम्ही. चोरून आणलेलंच रोप जगतं, मागून आणलेलं रुसतं, अशी आमच्या घराण्याची पिढीजात श्रद्धा. आमच्याकडं तुळससुद्धा शेजाऱ्याचा डोळा चुकवून आलेली. आणि निळीचं तर असं, की जिथं पेरली तिथंच वाढणार. मुळं केसासारखी, हलवली की गेली. आत्या ओरडून सांगायची, "रोप नेऊ नगा, बी न्या! शिमग्याला या, मूठभर देते." आम्ही "हो हो" म्हणायचो आणि निघताना पिशवीत भाजीखाली एक रोप घालायचो.

एकदा मला तिनं रंगेहाथ पकडलं. "दिगू, पिशवीत काय हाय?"

"मेथी, आत्या."

"मेथीला निळी फुलं कवापासून यायलीत?" मग स्वतःच हसत म्हणाली, "ने बाबा. तिसऱ्या दिवशी तुझी बायको म्हणंल, आत्याचा हात लागत होता म्हणून जगत होतं. हात न्हाई रे लागत, मुडद्या. थोडा दम लागतो."

तो दम आमच्यात कुणाकडंच नव्हता. शिमग्याला झरीला जाणं एकदाही जमलं नाही. दर वर्षी काहीतरी निघायचंच… नेमकं काय निघायचं, त्यातलं आता एकही आठवत नाही.

ती गेली तेव्हा वाफा ऐन फुलात होता. चौदाव्याला पाथरीचे, येलदरीचे, परभणीचे सगळे नातलग जमले. जेवणं झाली आणि जो तो हात धुवायला म्हणून न्हाणीकडं गेला. प्रत्येकानं एकच रोप घेतलं, आठवण म्हणून. मीही घेतलं. गेलेल्या माणसाची एवढी आठवण एकाच दुपारी कुणी काढली नसेल. संध्याकाळी बबनदादा मागं गेला, तर वाफा नुसता उकरलेला. त्यात एक काडी उभी नव्हती.

पुढच्या आठवड्यात तो एसटीनं एकेका नातलगाकडं जाऊन आला. आमच्याकडं आला तेव्हा मी डालड्याचा डबा पुढं केला. रोप कधीच वाळलं होतं. माझी बायको सुलोचना तरी रोज त्याला पाणी घालत होती.

"बी धरलं व्हतं का निळीनं?" त्यानं विचारलं.

"नाही दादा. फुलंच होती."

"सगळ्यांकडं असंच हाय," तो म्हणाला आणि चहा न घेताच उठला.

शिमगा झाल्यावर मी झरीला गेलो, तो असा, बोलावणारं माणूस उरलं नाही तेव्हा. बबनदादा न्हाणीमागं उकिडवा बसून तांब्यातलं पाणी बोटांनी रिकाम्या वाफ्यावर शिंपडत होता, आत्या शिंपडायची तसंच.

"दादा, आता काय आहे तिथं?"

"काय न्हाई. पण मागच्या सालचं एखादं मातीत दबून ऱ्हायलं असंल तर… थंडी पडल्यावर कळंल."

जुनं बी उगवत नाही, हे आत्याच्या तोंडून आम्ही दोघांनीही ऐकलेलं. मी रांजणातून दुसरा तांब्या भरून आणला आणि वाफ्यावर कलंडला. त्यानं माझं मनगट धरलं.

"हळू, दिगू," तो म्हणाला. "बी वाहून जाईल."