डाव्या गालावरचा तीळ

आमच्या फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी औषधवाल्याचं डोकं पहिल्यांदा दिसलं, तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं पातेलं पडता पडता वाचलं. लिंबाएवढं डोकं, पण औषधवालाच! तोच चष्मा, तेच फुगलेले गाल, आणि सुटे पैसे मागताना करतो तसं वाकडं तोंड.

"अहो, हे काय आहे?" मी ओरडले.

"राहू दे तिथेच. मऊ पडलाय. जरा घट्ट झाला की कान लावतो," हे आतून म्हणाले, रोजचंच काम असल्यासारखे.

आमचे हे केस कापतात. म्हणजे कापायचे. कोपऱ्यावरचं सलून आमचंच. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि एक खरखरणारा रेडिओ. उभा जन्म ह्यांनी लोकांच्या पाठीमागे उभं राहून काढला. मग गुडघा गेला. उभं राहवेना, तसं सलूनला कुलूप लागलं आणि किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर येऊन लटकली. केस कापणारा माणूस घरी बसला की काय होतं ते ज्याच्या घरी आहे त्यालाच ठाऊक. टीव्हीवरच्या प्रत्येकाच्या भांगाला नावं ठेवायची, सोफ्यावर बसून दोन बोटं कात्रीसारखी चालवत राहायची, आणि मी समोरून गेले की "तुझी टोकं वाढलीत गं" म्हणायचं. नुसता वैताग आणला होता.

आमची मुलगी लहान मुलांच्या शाळेत बाई आहे. तिने शाळेत उरलेली रंगीत क्ले आणून दिली. "बाबा, वेळ जाईल तुमचा. बोटंही मोकळी राहतील."

"मी काय बालवाडीत आहे?" असं म्हणून ह्यांनी डबा बाजूला सारला. संध्याकाळी बघते, तर डबा मांडीवर आणि जीभ दातांत.

पहिलं डोकं म्हणजे निव्वळ बटाटा होता. नाक आधीच चिकटवलं, ते गळून चहात पडलं. मान डोक्याच्या भाराने खाली बसायची. मग मुलीने शेजारी बसून शिकवलं. क्ले आधी तळहातावर भरपूर मळायची, कोमट होईपर्यंत. गोळ्याला भेग राहू द्यायची नाही. मानेत काडी खुपसायची. डोळ्यांचे खड्डे अंगठ्याने आधी दाबून घ्यायचे, आणि नाक सगळ्यात शेवटी. कातडीसाठी पांढऱ्यात चिमूटभर तांबडा, पिवळा आणि तपकिरी. माझं लाटणं तर पहिल्याच दिवशी पळवलं, ते काही परत स्वयंपाकात आलं नाही. केसांची युक्ती मात्र ह्यांची स्वतःची. दुकानातला बारीक दातांचा कंगवा मागवला आणि क्लेवरून असा फिरवला की केसन् केस उठून दिसायला लागला.

बघता बघता खिडकीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकांची रांग लागली. दुकानात आपला नंबर यायची वाट बघत बसावीत तशी. शिंपीदादा, बसचा ड्रायव्हर, दोन टकले भाऊ. आणि इथूनच गोंधळ सुरू झाला.

औषधवाला ह्यांच्या गुडघ्याचं तेल द्यायला आला. स्वतःचं डोकं बघून असा हरखला की विचारू नका. "काका, हा तर साक्षात मी! आरशात बघतोय असं वाटतंय!" तेलाचे पैसे न घेताच डोकं घेऊन घरी पळाला. तासाभरात परत आला, आणि मागोमाग त्याची बायको.

"काका, हे कोण?" तिने विचारलं.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

"तुमच्यासारखं आहे, पण तुम्ही नाही. माझ्याकडे बघायला लागलं की मला कसंतरीच होतं. मी नाही हे घरात ठेवणार."

"मी मला ओळखत नाही का?"

"आणि मी रोज बघते ते कोणाला, शेजाऱ्याला?"

आमच्या दारात दोघांची चांगलीच जुंपली. मी चहा टाकला, तेव्हा कुठे आवाज खाली आले. डोकं पुन्हा आमच्याच कट्ट्यावर आलं.

शिंपीदादाचं तेच. तो खुश, त्याचा भाऊ म्हणे काहीतरी चुकतंय. ड्रायव्हर खुश, त्याची आई म्हणे माझा मुलगा असा नाही. ज्याचं डोकं त्याला पसंत, आणि त्याच्या घरच्यांना नापसंत! आता ह्यात खरं कोण आणि खोटं कोण? मलाही कट्ट्यावरून फडकं मारताना काहीतरी खटकायचं, पण नेमकं काय ते बोट ठेवून सांगता येईना. हे तर पार चक्रावून गेले. एकेक डोकं उचलून उजेडात धरायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. "कान तर बरोबर आहेत," असं स्वतःशीच पुटपुटायचे.

शेवटी मुलीने हेरलं. "बाबा, औषधवाले काका भांग डावीकडे पाडतात. तुम्ही उजवीकडे पाडलाय."

"त्याचा भांग आजवर पाडला कोणी? तू?" हे उखडले.

मुलगी तिथून उठली. स्वयंपाकघरात येऊन तिने माझा हात धरला. "आई, बाबा विसरायला लागलेत."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"परवा चहात मीठ कोणी घातलं? तुमच्या जावयाला शिंपीदादा अशी हाक कोणी मारली? मी सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि खरंच तसं काही निघालं ना, तर सलून देऊन टाकू आणि तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या. मी काही ऐकणार नाही."

मी तिला उडवून लावलं. पण मनात किडा शिरला तो शिरलाच. त्या दिवसापासून ह्यांनी चष्मा शोधला तरी मी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघायला लागले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ह्यांनी माझं डोकं केलं. मला न सांगता. रविवारी मुलगी आली होती, तिच्यादेखतच फ्रीज उघडून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

अगं बाई! मीच की! कपाळावरची बट, हनुवटीची खळी, गालावरचा तीळसुद्धा सोडला नव्हता. मोहरीएवढी काळी गोळी करून लावला होता. माझे डोळेच भरून आले. "अगदी मी," म्हणाले. "कणभर इकडेतिकडे नाही."

मुलगी एकदा डोक्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, तुझा तीळ कुठल्या गालावर आहे?"

"हा काय," मी बोट लावलं. डाव्या.

"आणि हिच्या?"

मी बघितलं. उजव्या.

औषधवाल्याचा भांग विसरले तर विसरोत, मेला औषधवाला. पण माझा तीळ? माझा संसार ज्या माणसाबरोबर झाला, त्याला मी आठवत नाही? आणि त्याहून मोठा घोळ म्हणजे, मग मला ते डोकं अगदी बरोबर कसं वाटलं? माझं स्वतःचं थोबाड मलाही आठवेनासं झालं की काय? एका घरात दोघांनाही एकदमच लागतं का असं? माझ्या डोक्याचा अगदी भुगा झाला.

ह्यांनी डोकं माझ्या हातातून घेतलं, फिरवून फिरवून बघितलं. "बरोबर आहे," आधी जोरात म्हणाले. मग मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्याशा आवाजात विचारलं, "नाहीये का?" काडी घेऊन तो तीळ उचकटायला निघाले. मी मनगट धरलं. "राहू दे. माझा आहे तो," मी म्हणाले आणि डोकं पदराआड धरून आत गेले. ह्या माणसाला असं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांना घाबरलेलं बघून मीच जास्त घाबरले.

दुसरा दिवस सोमवार. डॉक्टरांकडे दुपारी जायचं होतं. सकाळी हे कात्री घेऊन आले. "बस. टोकं वाढलीत. डॉक्टरांकडे अशा अवतारात येणार का?" महिन्याच्या महिन्याला माझे केस हेच कापतात. आतल्या खोलीत, कपाटाच्या आरशापुढे. मी बसले. गुडघा दुखत होता तरी हे मागे उभे राहिले, माझ्या खुर्चीच्या पाठीला एक हात टेकून. खांद्यावर टॉवेल पडला, पाण्याचा फवारा पडला. ते माझं क्लेचं डोकं मी रात्रीच आरशाखालच्या फळीवर ठेवलं होतं, माझ्याकडे तोंड करून.

खाली ती, आणि वर आरशात मी. एकीवर एक. आणि तीळ दोघींचा एकाच बाजूला!

मी डावा हात उचलून गालाला लावला. आरशातल्या बाईनेही त्याच बाजूला लावला. मग फळीवरच्या बाईला फिरवून माझ्या तोंडाशेजारी धरलं, मुलगी बघते तशी, आणि तिथे तीळ गेला पलीकडे. पुन्हा फळीवर ठेवलं, पुन्हा बरोबर! मला हसावं की रडावं कळेना.

"हलू नकोस," हे म्हणाले.

"अहो, माझा तीळ कुठे आहे?"

"पुन्हा तेच का?" त्यांनी कात्रीचं टोक आरशाकडे केलं. "हा काय."

"तिथे नाही. पुढे येऊन सांगा."

कुरकुरत, लंगडत हे पुढे आले. माझ्या तोंडासमोर वाकले. आणि कात्री हातातच राहिली.

"अगं, हा इकडे कसा?"

"इकडेच आहे. जन्मापासून."

ह्यांनी बोट लावून बघितलं. मागे वळून आरशात बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग त्यांच्याही डोक्यात उजेड पडला असावा, कारण ते एकदम शेजारच्या स्टुलावर बसले. "औषधवाल्याचा भांग..." म्हणाले. सगळी माणसं ह्यांनी आरशातच बघितली होती. विसरले कुठे, चोख लक्षात ठेवली होती, आरशात दिसतात तशी! गिऱ्हाइकं मेली आपापल्या डोक्यावर खुश झाली, मी झाले, कारण आपण तरी स्वतःला दुसरीकडे कुठे बघतो? माझा जीव भांड्यात पडला. चहातल्या मिठाचं काय ते डॉक्टर बघतील, पण मी ह्यांच्या डोक्यात शाबूत होते.

मग मात्र मला दुसरंच काहीतरी टोचलं, आणि ते बोलल्याशिवाय राहवेना.

"गिऱ्हाइकांचं एक ठीक आहे हो. पण मी? मी काय तुमच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक आहे? एवढ्या वर्षांत मला समोरून कधी बघितलंच नाही?"

हे कात्री उघडत, मिटत बसले. "घरी यायचो तेव्हा तू ओट्याशी असायचीस. पाठमोरी," ते म्हणाले. "जेवताना माझं लक्ष ताटात. रात्री दिवे लवकर मालवायचे. नीट बघायला मिळायचीस ती इथेच. महिन्यातून एकदा."

एवढ्या वर्षांत हा माणूस दर महिन्याला "टोकं वाढलीत" म्हणत कात्री घेऊन यायचा, आणि मी म्हणायचे, वाढली कुठे, उगाच काय छळता.

अर्धे केस कापलेले तसेच ठेवून हे उठले. फ्रीजमधून क्ले आणली, तळहातावर मळायला घेतली आणि माझ्यापुढ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसले. "आता समोरून करतो," म्हणाले.

मला कुठे बघावं ते कळेना. कपाटाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, टॉवेलचा काठ चोळला. आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्यासमोर, ह्या वयात लाजायचं म्हणजे काय! ह्यांची नजर हलेना. दुपारी आम्हाला न्यायला मुलगी आली, तोवर नवीन डोकं तयार होतं.

"आत्ता कशी आमची आई दिसतेय!" ती दारातूनच ओरडली.

मी हातात घेऊन बघितलं. तीळ डावीकडे, बट उजवीकडे, आणि कुठलीतरी परकीच बाई. "मला नाही बाई ओळखू येत," मी म्हणाले.

"मलाही नवीनच आहे," हे म्हणाले. "बस जरा. अजून बघू दे."

मुलगी घड्याळ दाखवत होती. मी स्टूल पुढे ओढलं आणि बसले.