कार्डाच्या पाठीवरचे तीन अंक

दसऱ्याच्या दिवशी म्हैसुरात बँक बंद, रस्ते बंद, आणि आमच्या घरात मी तापलेलो. लेक परदेशात शिकते. तिचं परदेशी चलनाचं प्रीपेड कार्ड ट्राममध्ये हरवलं होतं. नवं कार्ड आलं ते नोंदलेल्या पत्त्यावर, म्हणजे आमच्याच घरी. कुरियरनं तिकडे पाठवायला आठवडा गेला असता. म्हणून त्याचे आकडे इथून सांगायचे आणि तिनं ते तिच्या मोबाइलच्या वॉलेटमध्ये भरायचे, असं ठरलं.

कार्ड दोन दिवस आधीच आलं होतं. पण बायको म्हणाली, "खंडेनवमी तोंडावर आहे, पूजा होऊ दे, मग वापरू." मी कडकोळच्या कारखान्यात देखभाल बघतो. आमच्याकडेही त्या दिवशी हार घातल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावत नाही, त्यामुळे मला वाद घालता येईना. स्कूटर, मिक्सर, माझे पाने आणि कार्ड, सगळ्यांना हळदकुंकू लागलं.

दसऱ्याला सकाळी अकराला लेकीचा फोन आला. "बाबा, मी स्टेशनवर आहे. इंटरव्ह्यू आजच ठेवलाय त्यांनी, दुसऱ्या गावात. पंचवीस मिनिटांत ट्रेन आहे आणि माझ्याकडे तिकिटापुरतेही पैसे नाहीत. कार्ड घ्या, बेग, बेग!" घाईत ती कन्नडवर येते, 'लवकर'चं 'बेग' होतं. सहा महिने ती या इंटर्नशिपच्या मागे होती, आणि ही गाडी चुकली तर इंटर्नशिप गेलीच.

पुढचे सोळा आकडे मी धडाधड सांगितले. मुदत सांगितली. मग मागचे तीन अंक वाचायला कार्ड उलटलं. पहिला चार होता. पुढे नुसते करडे डाग.

"चार, तीन, एक," मी अंदाजानं म्हणालो.

"नाही घेत."

"चार, आठ, एक."

"अय्यो, नाही! बाबा, आता एकदाच चान्स आहे. परत चुकलं तर उद्यापर्यंत लॉक."

मी ग्राहकसेवेला दुसऱ्या फोनवरून लावलं. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल महत्त्वाचा आहे. वीस मिनिटं उरली होती. मग मी बायकोवर उखडलो. "ही तुझी पूजा! प्लास्टिकला कुंकू लावायची काय गरज होती? अंक गेले पुसून. बस आता आरती करत!" हे सगळं लेक ऐकत होती. बायको तिचा मोबाइल घेऊन खिडकीशी गेली. 

बोलता बोलताच मला आठवलं. कुंकू तिनं कार्डामागच्या काळ्या पट्टीवर लावलं होतं, अंकांना बोटही लागलं नव्हतं. सकाळी उठून ती पट्टी मीच पुसली होती, कारखान्यातून आणलेल्या स्पिरिटनं, कापसाचा बोळा घेऊन, खसाखसा. पट्टी स्वच्छ हवी ही माझी पंचवीस वर्षांची खोड. हल्लीच्या कार्डावर अंक कोरलेले नसतात, नुसते छापलेले असतात, हे मला कळायला हवं होतं. मला कळलं, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

तेवढ्यात लेक ओरडली, "आईचा फोटो आला! थांबा, झूम करते."

पूजेचा फोटो. बायकोनं नवमीला तो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. कार्डाचा नंबर कुणाला दिसू नये म्हणून तिनं ते मोठ्या हुशारीनं उलटं ठेवलं होतं. त्यामुळे पाठीवरचे तीन अंक सोलापूर ते सातारा सगळ्यांनी पाहिले होते, आमच्याच लक्षात आले नव्हते.

माझ्या फोनवर ओटीपी आला. मी तो एकेक आकडा करून वाचला. मग पलीकडे काहीच ऐकू येईना. फक्त तिचा श्वास, धावणारी पावलं, कसलीशी घोषणा, आणि फोन कट.

दहा मिनिटांनी ती गाडीतून बोलली. जागा मिळाली होती. बायको देवाजवळ दिवा लावायला आत गेली. मी तेवढ्यात हळूच म्हणालो, "ऐक ना, ते कुंकवानं नाही गेलं. मी पुसलं होतं."

"ठाऊक आहे बाबा. आईनं फोटोखालीच लिहिलं होतं. बाबांनी स्पिरिटनं पुसलंय, पण आत्ता त्यांना काही बोलू नकोस, ते फार घाबरलेत."