तीन दिवसांचा पास

जन्मभर शाळेत गणित शिकवलं, म्हणून सौंसरच्या आमच्या नाट्यमंडळात तिकिटांचे दर ठरवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. दर थंडीत तीन दिवस, तीन नाटकं. एका दिवसाचं तिकीट शंभर रुपये, तिन्ही दिवसांचा पास दीडशे. एकाच नाटकासाठी शंभर मोजणार कोण? सगळे पासच घेतील आणि तिन्ही दिवस मांडव भरेल, असा माझा हिशोब. वर पासावर नाव लिहायचं, म्हणजे एका पासावर घरातले तिघं आळीपाळीने येणार नाहीत.

"सर, एवढं कडक कायले?" बैठकीत एकाने विचारलं. मी त्याला नियम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. समजावून सांगायची मला खोडच आहे.

गेल्या वर्षी पास धडाधड खपले. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर मीच उभा होतो. मोहगावहून माझी मोठी बहीण आली. ठेवणीतली साडी, शाल, हातात पास. पासावर नाव तिच्या जावेचं.

"ताई, हा तुझा नाही."

"आमचा दोघीचा आहे. काल थे आली, आज मी आली, उद्या पुन्हा थे. बुढीजवळ एक जण तं लागते ना रे घरी."

तिची सासू दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळली होती. दोघी जावा सगळंच पाळीने करत. संत्र्याच्या तोड्यावर एक गेली की घरी दुसरी. लग्नाकार्यातही दोघी एकत्र कधी दिसत नसत. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मागे रांग होती, आणि सरांनी बहिणीला तसंच सोडलं असं मला ऐकून घ्यायचं नव्हतं.

"थांब, तुझं तिकीट मी काढतो."

"तुह्या पैशाचं कायले? माहे पैसे याच्यात आहेत ना." तिने पास माझ्यासमोर धरला. "नाव पाहून राहिला, का मले पाहून राहिला?"

मी पासावरच्या नावावर बोट ठेवलं. ती बसस्टँडकडे चालू लागली.

आत जाऊन बघतो तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. दीडशेत तीन नाटकं स्वस्त पडतात म्हणून लोकांनी पास घेतले होते, आणि येत होते आपल्या आवडीच्या एकाच नाटकाला. मला स्वतःची लाज वाटली. तिला बसायला जागाच जागा होती.

यंदा मी भांडून पास बदलून घेतला. नाव नाही, फाडून द्यायच्या तीन चिठ्ठ्या. कोणीही या, कोणत्याही दिवशी या. मधल्या पावसाळ्यात ताईची सासू गेली, तेव्हा मी मोहगावला बसायला जाऊन आलो होतो. नाटकाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

नाटकांच्या आदल्या दिवशी तिकिटांच्या खिडकीवर दोघी जावा एकत्र आल्या. ताईसाठी बाजूला ठेवलेला पास मी उत्साहाने पुढे केला. "हा घे. आता एकाच पासावर दोघी पाळीने येऊ शकता."

ताईने जावेकडे पाहिलं.

"दोन दे," ती म्हणाली. "आता पाळी कायची? घरी कोण आहे?"

तिन्ही दिवस दोघी शेजारी शेजारी बसल्या. न चुकता रोज येणारं असंच गिऱ्हाईक मला हवं होतं. ते मिळालं, आणि मला दारावर उभं राहवेना.